बिडकीनच्या आठ हजार नोकऱ्या नेमक्या कशा मोजणार? उद्योग विभागास खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र शासन
मा. विकास आयुक्त, उद्योग संचालनालय
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ

विषय : बिडकीन येथील वाहनप्रकल्प आणि सवलतींच्या करारातील रोजगाराच्या अटी

महोदय,

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि राज्य शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक, वर्षाला चार लाख गाड्यांची क्षमता आणि ८,००० थेट नोकऱ्या, असे तेव्हा जाहीर झाले. त्याच्या महिनाभर आधी विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीने याच बिडकीनसाठी २,००० कोटी आणि ४,००० नोकऱ्यांचा आकडा दिला होता. साधा भागाकार करून पाहावा. मोटारीच्या कारखान्यात एका नोकरीमागे अडीच कोटी पडतात, स्कूटरच्या कारखान्यात पन्नास लाख. यात कोणाची फसवाफसवी नाही, त्या त्या उद्योगाचा तो स्वभाव आहे. पण सवलती देताना शासन कोटींकडे पाहते आणि भाषणात नोकऱ्या सांगते, तिथे आमची हरकत आहे.

आम्ही वाळूज, चितेगाव, चिकलठाणा आणि शेंद्रा पट्ट्यात टूलरूम, प्रेस शॉप, मोल्डिंग चालवणारे, गुणवत्ता विभागात काम करणारे आणि आयटीआयमध्ये शिकवणारे लोक आहोत. विदेशी गुंतवणूक यायला हवी, ती इथेच यायला हवी, याबद्दल आमच्यात दुमत नाही. म्हणणे एवढेच की नोकऱ्या पगाराच्या नोंदीवर मोजा, आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या, म्हणजे पुरवठादारांकडच्या, नोकऱ्या करार पक्का होण्याआधी त्यात लिहून घ्या. एकदा भूखंडाचा ताबा दिला की मग विनंत्या कराव्या लागतात.

आधी कारखान्याच्या आत माणसे लागतात कुठे, ते पाहू. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून दारे, बॉनेट, छत निघते. तिथे एका ओळीवर मोजकी माणसे. बॉडी शॉपमध्ये एका गाडीला चार-पाच हजार स्पॉट वेल्ड पडतात आणि ते जवळजवळ सगळे रोबो टाकतात. पेंट शॉपमध्ये धूळ नको म्हणून माणूसच नको असतो. खरी माणसे लागतात ती जोडणीच्या लाइनवर. वर्षाचे ३०० दिवस, दोन पाळ्या, पाळीला साडेसात तास धरले तर ४,५०० तास, म्हणजे १ कोटी ६२ लाख सेकंद होतात. त्यात चार लाख गाड्या काढायच्या तर दर ४० सेकंदाला एक गाडी बाहेर पडायला हवी. दोन लाइन असतील तर प्रत्येकीवर ८१ सेकंद. हा वेग पाहिला की ८,००० चा आकडा शक्य कोटीतला वाटतो, पण तो पूर्ण क्षमतेचा आकडा आहे. पहिल्या टप्प्यात एक लाइन, एक पाळी चालते. तेव्हा कोणत्या वर्षी किती माणसे, हे वर्षवार लिहून घेतले नाही तर ८,००० हा फक्त बातमीतला आकडा राहील.

आता कुंपणाबाहेर. गाडी रंगून जोडणीकडे निघाली की तिला कोणत्या रंगाची, कोणत्या कापडाची सीट लागणार याचा संदेश सीटवाल्याला जातो आणि चार-पाच तासांत ती सीट त्याच क्रमाने लाइनवर हजर असावी लागते. म्हणून सीट, बंपर, डॅशबोर्ड, इंधनाची टाकी, सायलेन्सर असल्या अवजड, पोकळ वस्तू बनवणारे कारखाने वीस-तीस किलोमीटरच्या आत येतातच. हवा भरलेले ट्रक लांबून आणणे कोणालाच परवडत नाही. ते आपोआप येतील, त्यांची काळजी करू नका. पण हे पहिल्या फळीचे पुरवठादार बहुतेक मूळ कंपनीच्या देशातलेच असतात, आणि त्यांना लागणारे लहान भाग ते जुन्या ओळखीच्या पुरवठादाराकडून मागवतात: बंगळुरूहून, चेन्नईहून, थायलंडहून. वाळूजच्या हातून काम सुटते ते इथे.

एक उदाहरण मांडतो. वायरिंग धरून ठेवणारा प्लास्टिकचा एक ब्रॅकेट घ्या. गाडीला दोन लागतात, म्हणजे पूर्ण क्षमतेला वर्षाला आठ लाख. दोन पोकळ्यांचा साचा आणि ४५ सेकंदांची सायकल धरली तर तासाला १६० नग. आठ लाखांना ५,००० तास, आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर ५,९०० च्या आसपास. म्हणजे १५० टन दाबाचे एक मोल्डिंग मशीन तीन पाळ्या चालले की झाले. ऑपरेटर तीन, एक सेटर, एक-दोन तपासणीला. मशीन, साचा, हॉपर ड्रायर, चिलर धरून गुंतवणूक कोटीच्या आत. एका कोटीत पाच-सहा नोकऱ्या, आणि त्याही चितेगावच्या एखाद्या गाळ्यात. गाडीत असे लहान भाग शेकड्यांनी असतात. मोठ्या कारखान्याची अडीच कोटींची एक नोकरी आणि ही कोटीतली पाच माणसे एकाच गाडीची आहेत. शासनाच्या कागदावर मात्र फक्त पहिली दिसते.

मग हा ब्रॅकेट इथे का बनत नाही? दर जास्त पडतो म्हणून नव्हे. उशीर होतो, आणि मोजमापात मार खावा लागतो.

उशिराचे असे की नव्या गाडीच्या भागांची चौकशी, म्हणजे आरएफक्यू, उत्पादनाच्या २४ ते ३० महिने आधी निघते. त्यानंतर ड्रॉइंगवर चर्चा, साच्याची ऑर्डर, पहिली चाचणी, दुरुस्ती, दुसरी चाचणी, मग पीपीएपीची, म्हणजे भागाच्या मंजुरीच्या कागदपत्रांची, फाइल, मग ठरलेल्या वेगाने एक दिवस मशीन चालवून दाखवणे. साचा बनायलाच तीन-चार महिने जातात. भूमिपूजनाच्या बातम्या वाचून लघुउद्योजक चौकशीला जातो, तेव्हा भागांचे वाटप होऊन गेलेले असते. त्यातच आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी अंतर्गत ऑडिट आणि कामगिरीची किमान १२ महिन्यांची नोंद दाखवावी लागते. ऑर्डर मिळाली की प्रमाणपत्र काढू, असे म्हणणाऱ्याची गाडी एक वर्ष आधीच चुकलेली असते.

मोजमापाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मदत नेमकी कुठे लागते ते त्यावरून कळेल. हा ब्रॅकेट समजा नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के काचतंतू घालून बनवायचा आहे. दाणा ८० अंशांवर चार तास सुकवला नाही तर नगावर चंदेरी ओरखडे येतात आणि ताकद घटते. काचतंतू साच्याला घासतात. दर कमी बसावा म्हणून साचा पी२० पोलादात केला, तर गेटजवळची, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरते त्या तोंडाजवळची, धार लवकर झिजते, नगाला पापुद्रा सुटतो आणि भोकाचे माप सरकू लागते. त्या जागी एच१३ पोलादाचे कडक केलेले इन्सर्ट बसवायला हवे होते, पण ते कोटेशनमध्ये धरलेलेच नसते. पुढची चूक मोजताना होते. मशीनमधून निघालेला गरम नग लगेच व्हर्नियरने मोजला तर माप पास होते. दुसऱ्या दिवशी तोच नग आकसलेला असतो, आणि हवेतला ओलावा शोषून पुन्हा थोडा फुगतो. ग्राहक तो २० अंश तापमानाच्या खोलीत सीएमएमवर, म्हणजे तिन्ही दिशांनी अचूक मापे घेणाऱ्या यंत्रावर, मोजतो. इथे ओके, तिथे नापास. महत्त्वाच्या मापाला सुरुवातीचा क्षमता-निर्देशांक (मापे मर्यादेच्या किती आत राहतात याचा आकडा) १.६७ हवा असतो आणि मोजण्याच्या साधनाची स्वतःची चूक सहनमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. व्हर्नियरवर ते बसत नाही. फाइल परत येते, आणि तिसऱ्यांदा परत आली की भाग दुसऱ्याकडे जातो.

यातले काहीही लघुउद्योजकाच्या बुद्धीपलीकडचे नाही. एकट्याला सीएमएम, २० अंशांची खोली आणि साच्यात प्लास्टिक कसे वाहील हे आधी दाखवणारे मोल्ड-फ्लोचे सॉफ्टवेअर परवडत नाही, एवढेच. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, शहरात इंडो-जर्मन टूल रूम आहे. नवी संस्था काढून तिला नवे नाव देण्यापेक्षा या दोघांचा एक विभाग बिडकीनला उघडावा: दोन सीएमएम, एक काँटूर मशीन, नायलॉन आणि पत्र्याच्या चाचणीची सोय, आणि पीपीएपीची फाइल लावून देणारे चार अनुभवी अभियंते. दोन पाळ्यांत चालावा. अहवाल ४८ तासांत मिळावा, कारण साचा मशीनवर अडकून पडला की रोजचे नुकसान होते. आणि करारात अट असावी की उत्पादनाच्या किमान २४ महिने आधी कंपनी आणि तिचे पहिल्या फळीचे पुरवठादार आपल्या लहान भागांची यादी, ड्रॉइंगची गोपनीयता राखून, नोंदणीकृत स्थानिक उद्योगांपुढे ठेवतील. खरेदी करायलाच हवी अशी सक्ती आम्ही मागत नाही. दर आणि दर्जा जुळला नाही तर खुशाल नाकारा, पण कारण लेखी द्या.

असली अट घातली तर गुंतवणूकदार शेजारच्या राज्यात पळेल, असे मंत्रालयात म्हणतात. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये विद्युत गाड्यांसाठी जी योजना आणली, तीत ४,१५० कोटींची किमान गुंतवणूक तर मागितलीच, शिवाय तीन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन, तेही बँक हमीवर. आयात शुल्कात सवलत हवी तर हे करा, असा तो रोखठोक सौदा आहे. जमीन, पाणी, मुद्रांक शुल्क आणि जीएसटीचा परतावा देणाऱ्या राज्याने याच भाषेत बोलायला लाजू नये.

याच जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली आणि तिच्या मागे पुरवठादारांची फळी उभी राहिली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक त्यातूनच वाढल्या; एन्ड्युरन्सचे कारखाने आज इटली आणि जर्मनीतही आहेत. २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली, जागतिक नाव होते, पण गाड्या मुख्यतः सुट्या संचांतून जोडल्या जात. संच जहाजाने येत. त्यामुळे तशी फळी तिच्या मागे उभी राहिली नाही. कंपनी देशी की विदेशी यापेक्षा ती इथे काय बनवते आणि काय नुसते जोडते, यावर जिल्ह्याचा रोजगार ठरतो. टोयोटाच्या हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विद्युत मोटर दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीच्या बाबतीत आपल्याला एक संधी आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही: तिच्यात इंजिन राहते आणि शिवाय मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी येते. ॲल्युमिनियम डायकास्टिंग, गिअर आणि शाफ्टचे मशिनिंग करणाऱ्या इथल्या कारखान्यांना पूर्ण विद्युत गाडीपेक्षा यात जास्त काम आहे. मोटरचे आणि इन्व्हर्टरचे कास्ट हाउसिंग इथे बनावे, हे मागण्यासारखे आहे.

पैशाची एक गोष्ट चटकन सांगतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा आहे. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिले वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर) नोंदणीही बंधनकारक झाली आहे. तरी दुसऱ्या-तिसऱ्या फळीत नव्वद दिवस चालतातच, कारण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही. सवलतीचा हप्ता सोडण्याआधी कंपनी आणि तिचे थेट पुरवठादार या दोघांच्या थकीत देण्यांचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागा. साच्याचा खर्च नगामागे फेडण्याची पद्धतही लहान माणसाला बुडवते. गाडी खपली नाही की साच्याचे पैसे त्याच्या अंगावर पडतात.

आता नोकऱ्या मोजण्याबद्दल. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मोठ्या प्रकल्पाचा दर्जा भांडवल किंवा रोजगार यांपैकी एका निकषावर मिळत आला आहे, आणि परतावा राज्य जीएसटीशी व स्थिर भांडवलाशी बांधलेला असतो. वाहनप्रकल्प भांडवलाच्या बाजूनेच पात्र ठरतो, त्यामुळे माणसे किती ठेवली याचा हप्त्यावर फरक पडत नाही. केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला प्रत्येक नव्या कामगारामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, तेही भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवर आणि माणूस सहा महिने टिकला तर. ही मोजपट्टी आयती आहे. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले जाणारे ईसीआर, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे मासिक विवरणपत्र, हेच रोजगाराचे हजेरीपुस्तक मानावे आणि परताव्यातला ठरावीक हिस्सा त्याला जोडावा.

इथे एक पळवाट आधीच बुजवायला हवी. कंत्राटदार आपल्या कोड क्रमांकावर निधी भरतो, त्यामुळे कंपनीच्या ईसीआरमध्ये त्याची माणसे दिसत नाहीत. आणि ॲप्रेंटिसचा निधी कापलाच जात नाही, त्यामुळे तो कुठेच दिसत नाही. जाहीर सभेत मात्र कंपनीचे, कंत्राटदाराचे आणि ॲप्रेंटिस असे तिघेही ‘रोजगार’ म्हणून मोजले जातात. अहवालात चार रकाने वेगळे करा: कायम, मुदतीचे, कंत्राटी, शिकाऊ. प्रत्येकाचा सरासरी पगार समोर लिहा. ८० टक्के स्थानिकांची अट याच रकान्यांवर तपासा, आणि कंत्राटदाराची माणसे त्या ८० टक्क्यांत धरायची की नाही हे करारातच ठरवा. नाहीतर कायमच्या जागी बाहेरचे आणि हाउसकीपिंगला बिडकीन-निलजगावची मुले असा हिशोब जुळवता येतो, आणि तो कागदावर बिनचूक असतो.

प्रशिक्षणाबद्दल आमची मते ठाम आहेत. रोबो आले म्हणून बॉडी शॉपमध्ये कुशल माणूस लागत नाही, हा गैरसमज आहे. वेल्डिंग गनच्या टोकाला तांब्याची टोपी असते. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर ती लवकर खराब होते, कारण जस्त तांब्यात मिसळते आणि टोपीचे तोंड पसरते. तोंड पसरले की तोच विद्युतप्रवाह जास्त जागेत विखुरतो आणि वेल्डची गाठ लहान पडते. १ मिमी पत्र्याला ही गाठ साधारण ५ मिमी हवी. ४ च्या खाली गेली की नापास. रोबो मात्र निमूटपणे तसेच वेल्ड टाकत राहतो. टोपी कधी तासायची, कधी बदलायची, छिन्नी घालून वेल्ड कसा तपासायचा, हे जाणणारा माणूस लागतो. प्रेसच्या डायवर ऑइल स्टोन फिरवून बोटाने उंचवटा ओळखणाराही असाच. आपल्या आयटीआयमध्ये वेल्डरच्या शिक्षणाचा भर आर्क आणि गॅस वेल्डिंगवर असतो. रोबोवरची स्पॉट वेल्डिंगची गन तो बहुधा पहिल्यांदा कारखान्यातच हाताळतो.

टोयोटाने बंगळुरूजवळच्या आपल्या बिडदी प्रकल्पात २००७ पासून दहावी झालेल्या ग्रामीण मुलांसाठी तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था चालवली आहे. मर्सिडीजचा पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबरचा मेकॅट्रॉनिक्स पदविका अभ्यासक्रम २००२ चा. म्हणजे मागणी नवलाची नाही. बिडदीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, हे ध्यानात घ्यावे. उत्पादन सुरू झाल्यावर संस्था काढली तर पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत कायमच्या जागा भरून गेलेल्या असतील. इमारत नंतर बांधा. पैठण आणि शहरातल्या आयटीआयमध्ये दोन रोबो सेल, चार स्पॉट गन, एक पीएलसी (यंत्रनियंत्रकाच्या सरावाचा) बेंच बसवून वीस-वीसच्या बॅच आत्ता सुरू करा. निदेशकांना आधी सहा महिने कारखान्यात पाठवा, नाहीतर यंत्रे झाकून ठेवली जातील. ॲप्रेंटिस नियमांत एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवण्याची अट आहे; ८,००० वर ते २०० ते १,२०० होतात. करारात वरची मर्यादा घ्या, आणि मुदत संपल्यावर किती जणांना कायम केले याचा रकानाही.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे. कारखाना बंद झाला तर काय? जनरल मोटर्सचा तळेगावचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने देशातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा व्यवहार, शेजारी देशांच्या थेट गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक करणाऱ्या एप्रिल २०२० च्या नियमानंतर, मंजुरीत अडकला आणि २०२२ मध्ये बारगळला. प्रकल्प विकत घेण्याचा ह्युंदाईचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. साणंदला फोर्डचा कारखाना टाटांनी घेतला तेव्हा मे २०२२ च्या सामंजस्य करारात गुजरात शासन तिसरा पक्ष होते आणि पात्र कामगारांना सामावून घेण्याची तरतूद व्यवहारातच होती. भूखंडाचा भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे करायला तो देणाऱ्या शासकीय संस्थेची संमती लागते. हे हत्यार शासनाच्या हातात आहेच. बिडकीनच्या भाडेपट्ट्यात एक कलम घाला: हस्तांतराची संमती कामगारांच्या सामावणुकीच्या यादीसोबतच मिळेल, आणि उत्पादन सलग बारा महिने बंद राहिल्यास मिळालेल्या सवलतींचा प्रमाणशीर भाग परत करावा लागेल.

पैठण रस्ता, कामगारांच्या बस, वायरिंग हार्नेसच्या कामावर मोठ्या संख्येने येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, यांवर वेगळे निवेदन देऊ. चाकणच्या चौकातली वाहतूक कोंडी पाहिलेल्या कोणालाही त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

तूर्तास दोन गोष्टी हव्यात. टोयोटा आणि एथर या दोन्ही प्रकल्पांच्या करारांतील रोजगार, स्थानिक खरेदी आणि सवलतींचे तक्ते ऑरिकच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावेत. आणि पुरवठादार-नोंदणीसाठी छत्रपती संभाजीनगरात बैठक घ्यावी, तीत कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याऐवजी खरेदी विभागाचा माणूस असावा. यंत्रांची यादी, मशीनचे टनेज, शिल्लक क्षमता आणि प्रमाणपत्रांची स्थिती एका तक्त्यात भरून आणण्याची जबाबदारी आमची.

आपले,
वाळूज, चितेगाव, चिकलठाणा व शेंद्रा येथील लघुउद्योजक, तंत्रज्ञ आणि निदेशक